मी डावीकडेच फिरत होते

मी एक जुनी मोटर आहे. जुनी म्हणजे किती, तर काल दुपारचा माझा जन्म. हसू नका, मित्रांनो. आमच्या घराण्यात अर्ध्या तासात लेक कर्ती होते आणि तासाभरात आजी. त्या हिशेबाने मी कधीच खापरपणजी झाले आहे, आणि म्हाताऱ्या माणसासारखी मलाही बोलायची घाई झाली आहे. माझ्याकडे हवा थोडी उरली आहे.

मी राहते त्या घराला तुम्ही जंतू म्हणता. नाक मुरडू नका. आमचं खानदान तुमच्याच आतड्यांत पिढ्यान्‌पिढ्या भाडेकरू म्हणून राहिलं आहे आणि बहुतेकांनी कधी त्रास दिलेला नाही. तुमच्या एका केसाच्या जाडीत अशी पन्नासेक घरं शेजारी शेजारी मावतील. त्या घराच्या भिंतीत मी बसवलेली आहे. मला लोखंडाची समजू नका. माझ्यात एक खिळा नाही की तेलाचा थेंब नाही. मी सगळी प्रथिनांची, तुमच्या डाळीत आणि अंड्यात असतं त्याच जिनसाची.

मला घडवलं कोणी म्हणाल, तर कोणीच नाही. माझे भाग आपापली जागा ओळखून येऊन बसले. आधी भिंतीच्या आतल्या पदरात एक कडं बसलं. त्याला आतून दुसरं मोठं कडं जोडलं गेलं, ते माझं चाक. कड्यातून एक दांडी बाहेर निघाली. भिंतीतून जाताना ती घासू नये म्हणून तिच्या अंगात बांगड्या चढल्या. भिंतीबाहेर दांडीला एक लवचिक कोपर आलं आणि कोपराला लांबच लांब शेपूट. तुमचे केस मुळाशी वाढतात, माझं शेपूट मात्र टोकाला वाढतं. ते आतून पोकळ असतं. नवा कण घरातून निघतो, त्या पोकळीतून सरपटत थेट टोकाशी जातो आणि तिथेच ठाण मांडतो.

चाक झालं, आता ते फिरवणार कोण? माझ्याभोवती भिंतीत पाय रोवून मजूर बसलेले असतात. घराबाहेर प्रोटॉनांची ही गर्दी, आत त्या मानाने मोकळीक. गर्दीला आत यायचं असतं आणि वाट मजुरांच्या अंगातूनच जाते. आत घुसणारा प्रोटॉन मजुराला कोपरखळी मारतो, मजूर माझ्या चाकाला ढकलतो, की मी फिरले. पाणचक्कीत पाणी करतं तेच. सेकंदाला शेकडो फेरे घेते मी. ओझं वाढलं की मजूर आपणहून येऊन बसतात, ओझं उतरलं की उठून जातात. आमच्यात कामाला हाक मारावी लागत नाही.

घराला माझ्यासारख्या पाच-सहा मोटरी असतात. आम्ही सगळ्या डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरलो, की आमच्या शेपटांची मिळून एक वेणी पडते आणि घर सरळ पोहत सुटतं. उजवीकडे फिरलो की वेणी सुटते, घर कोलांटी खातं आणि भलत्याच दिशेला तोंड करतं. पोहायचं, कोलांटी खायची, पुन्हा पोहायचं. पुढे गोड लागलं तर कोलांट्या कमी, कडू लागलं तर जास्त. जंतू असाच चाचपडत खाऊपर्यंत पोचतो. 'उजवीकडे फीर' हे सांगायला घरात एक निरोप्या हिंडत असतो. तो येतो, चाकाच्या कडीला लटकतो आणि चाक दिशा बदलतं.

माझ्या चाकाला ती कडीच नाही.

ही करणी इसोबे कायानोची. जपानमधल्या नागोयातल्या एका विद्यापीठात डॉक्टरेटसाठी झटणारी ही मुलगी; तिथे आडनाव आधी येतं, आणि हाकही आडनावालाच 'सान' किंवा 'कुन' जोडून मारतात. तिने आमच्या मूळ पणजीच्या जनुकात एक अक्षर बदललं. एकच. पण त्या एका अक्षरापायी आमच्या आख्ख्या वंशाची कडी गेली. निरोप्या येतो, हात फिरवतो, धरायला काही सापडत नाही, निघून जातो. मी डावीकडे फिरते आणि डावीकडेच फिरते. कोलांटी मला ठाऊक नाही. घर सरळ पोहतं, भिंतीला थडकेपर्यंत पोहतं. आयुष्याला वळणच नसलं की कसं वाटतं, ते मला विचारा.

पण सरळ का होईना, मी पोहत होते. आज सकाळी तेही गेलं. कायानोने आम्हाला बारीक सुईतून इकडून तिकडे, तिकडून इकडे असं इतकं ढोसलं की शेपूट तुटून थोटूक राहिलं. मग ते थोटूक काचेला चिकटवलं, वरून दुसरी काच ठेवली आणि कडा मेणाने बंद केल्या. आता शेपूट हलत नाही, आणि मला तर थांबता येत नाही. मग काय व्हायचं? शेपूट जागेवर आणि अख्खं घर त्याच्याभोवती गरगर. घाण्याचा बैल निदान चार पावलं लांबून फिरतो, मी खुंटीलाच बांधलेली. एवढं ओझं अंगावर पडलं म्हणताच मजूर धावून आले खरे, पण त्यांच्या येण्याने काच थोडीच सुटते? माणसांना फिरणारं शेपूट दिसत नाही, फिरणारं घर दिसतं, म्हणून हा खटाटोप. मला त्यातलं शहाणपण कळतं. म्हणून कोंडल्याचं दुःख कमी होत नाही.

त्या अंधाऱ्या खोलीत मी एकटीच कोंडलेली नव्हते. सूक्ष्मदर्शकाच्या दुसऱ्या टोकाला कायानो होती. पडद्यावर माझं घर फिरत होतं आणि ती त्याच्याकडे अशी पाहत होती, जणू मी तिचं काही चोरलं आहे. (मला डोळे-कान नाहीत, मग मी हे पाहिलं-ऐकलं कसं असं विचारू नका. छत्री आणि फळा आपलं आत्मवृत्त सांगतात तेव्हा तुम्ही त्यांना विचारत नाही.)

घोटाळा असा होता. कडी नसलेली मोटर डावीकडे फिरायला हवी. (शेपूट अडकलं की घर शेपटाच्या उलट फिरतं खरं, पण भिंग शेपटाकडून नाही, घराकडून पाहतं, म्हणून पडद्यावरही डावीकडेच दिसायला हवं.) कायानोने आम्हाला पाण्यात मोकळं सोडलं की आम्ही सरळ पोहायचो, म्हणजे डावीकडेच फिरत असणार. पण तीच मोटर काचेला चिकटवली की पडद्यावर उजवीकडे फिरताना दिसायची. दर वेळी. दोन वर्षं तिने काचा बदलल्या, चिकटवायचं औषध बदललं, पाणी बदललं. उजवीकडे ते उजवीकडेच.

सकाळी तिचे प्राध्यापक मुराकोशी-सेन्सेई दारात उभे राहिले. आवाज न चढवता बोलणारा माणूस, आणि तोच जास्त लागतो.

"इसोबे-कुन, पाण्यात ही मोटर म्हणते मी डावी. काचेवर म्हणते मी उजवी. एकाच साक्षीदाराने दोन साक्षी द्याव्यात?"

"नाही, सेन्सेई."

"मग साक्षीदार खोटा, की विचारणारा कच्चा?"

"मीच कुठेतरी चुकत असेन, सेन्सेई."

"आज वर्षअखेरची साफसफाई आहे. नको असलेलं वाण संध्याकाळी भट्टीत जाईल. तोवर उलगडलं तर ठीक. नाहीतर हे सोड आणि नवा विषय घे."

शीतपेटीतल्या आमच्या नळ्यांवर तेव्हाच लाल चिकटपट्टी लागली होती. लाल पट्टी म्हणजे संध्याकाळी भट्टी, अख्खा वंश खलास. आणि नवा विषय म्हणजे कायानोला पुन्हा पहिल्यापासून श्रीगणेशा. तेवढी ताकद तिच्यात उरली नव्हती, हे तिच्या आईलाही माहीत होतं. दुपारी याइझूहून, तिच्या गावाहून, आईचा फोन आला. हातात मोजे होते म्हणून कायानोने तो टेबलावर ठेवूनच घेतला.

"काय गं, तुझा जंतू अजून उलटाच फिरतोय का?"

"उजवीकडे फिरतोय, आई."

"तेच ते. तो सुलट फिरेल तेव्हा फिरेल. तू आधी सुलट फीर आणि घरी ये. बाबांची पाठ धरली आहे, मासे धुरावर चढवायला माणूस नाही."

"मार्चपर्यंत थांब ना."

"मागच्या मार्चलाही हेच म्हणालीस. जेवलीस का?"

"हो," असं कायानो म्हणाली. भाताचा गोळा तिच्या पिशवीत तसाच होता.

मला तिचा राग यायला हवा होता. मला खुंटीला बांधणारी तीच की. पण खरं सांगते, मला तिची दया आली. मी ओरडून सांगितलं असतं, बाई गं, मी डावीकडेच फिरते आहे, जन्मल्यापासून डावीकडेच फिरते आहे. पण मोटरीला तोंड कुठलं? फिरणं एवढंच माझं बोलणं, आणि नेमकं तेच ती उलटं ऐकत होती.

मग तोकुनागा-सान आले. हे प्रयोगशाळेतले ज्येष्ठ. पिपेट कसं धरायचं हे कायानोला यांनीच शिकवलेलं. खोलीतला हा कॅमेराही दोन वर्षांपूर्वी यांनीच बसवलेला. डोक्याला टॉवेल गुंडाळून, हातात ओलं फडकं घेऊन ते सफाईला निघाले होते.

"इसोबे, खुर्ची सरकव. तुझ्याखाली गेल्या वर्षीची धूळ आहे."

"जपून पुसा. माझा प्रबंध त्यातच कुठेतरी असेल."

तोकुनागा-सान हसले आणि गुडघ्यांवर बसून पुसू लागले. कायानोने पडद्यावरची नजर न काढता विचारलं, "तोकुनागा-सान, हा कॅमेरा चित्र उलटं तर दाखवत नाही ना? आरशासारखं?"

"तिसऱ्यांदा विचारतेयस."

"चौथ्यांदा."

"बसवला त्याच दिवशी 'सा' काच खाली धरून पाहिली होती मी. पडद्यावर सुरेख 'सा' उमटला. चित्र उलटं असतं तर अक्षर वाचता आलं असतं का? हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

ही 'सा' काच म्हणजे खणातली एक जुनी काचपट्टी. तिच्यावर हिऱ्याच्या टोकाने खसखशीएवढं अक्षर कोरलेलं आहे. नुसत्या डोळ्यांना ओरखडाच दिसतो, भिंगाखाली धरली तर वाचता येतं. कॅमेरा तपासायला सगळे हीच काच वापरतात. आता तुम्ही म्हणाल, दुसऱ्या कोणाला शंका कशी आली नाही? बाकीच्यांना मोटरीचा वेग हवा असतो, दिशेशी त्यांना देणंघेणं नाही. आणि माझ्या साध्या चुलतबहिणी दोन्हीकडे फिरतात. आरशात दोन्ही बाजूंची अदलाबदल झाली तरी त्या दोन्हीच राहतात. आरशात पकडली जाणार ती एकच वाट ठाऊक असलेली, माझ्यासारखी.

तोकुनागा-सान फडकं पिळत म्हणाले, "आमच्याकडे सध्या वेगळीच गंमत चालली आहे. माझी लेक साए लिहायला शिकतेय. फ्रिजवर, दारावर, माझ्या पायमोज्यांवर स्वतःचं नाव लिहून ठेवते. पण 'सा' उलटा काढते, त्याचा होतो 'ची'. बायको म्हणते, आपली साए कुठे गेली कोण जाणे, घरात चिए नावाची कोणी मुलगी राहायला आली आहे."

मित्रांनो, त्यांच्या लिपीत 'सा' आणि 'ची' ही अक्षरं जुळ्या बहिणींसारखी आहेत. एकीला आरशापुढे उभी करा, आरशात दुसरी दिसते. लिहायला शिकणारी पोरं हमखास तिथे घसरतात.

कायानो हसली. मग हसता हसता थांबली. तोकुनागा-सान बादली उचलून बाहेर गेले तरी ती तशीच बसून होती. मग तिने खण उघडून ती काच काढली. काच आरपार असते, मागून पाहिली तर ती फसवणार, हे तिला ठाऊक होतं. तिने मोजा काढून नख फिरवलं, ओरखडा कोणत्या अंगाला आहे ते चाचपलं, ते अंग वर केलं आणि दिव्याखाली हातभिंग धरलं.

काचेवर 'ची' होता.

तरी तिचा स्वतःवर विश्वास बसेना. तिने बारीक पेन घेतलं आणि माझ्याच काचेच्या कोपऱ्यावर 'का' काढला, स्वतःच्या नावातला. 'का' आरशात पाहिला तर त्याचं दुसरं अक्षर होत नाही, नुसतं वेडंवाकडं काहीतरी होतं. मग मला भिंगाखालून सरकवून तिने तो कोपरा पुढे आणला. मी अंधारात गेले. पुढचं मी पाहिलेलं नाही, पण तिने तो कोपरा पुन्हा पुन्हा मागे-पुढे सरकवला त्यावरून पडद्यावर काय दिसलं ते मला कळलं.

माझा जीव इथे टांगणीला लागला. बंद काचांमधली हवा संपत आली होती. हवा नसली की बाहेरची प्रोटॉनांची गर्दी पांगते, मजुरांना कोपरखळी बसेनाशी होते, आणि मी मंदावते. अगं, लवकर ये, मी मनात म्हणत होते. मी थांबले तर संध्याकाळच्या आत तू काय दाखवणार आहेस त्यांना? पण कायानो जागची हलेना.

तिची अडचण मला हळूहळू उमगली. कॅमेऱ्यात एक कळ दाबली की चित्र सुलट झालं असतं. कोणाला पत्ता लागला नसता. 'आज जमलं, सेन्सेई, काच नीट धुतली' म्हटलं असतं की सुटली. पण खरं सांगायचं तर तोकुनागा-सानांचं नाव घ्यावं लागणार. त्यांची नोकरी मार्चमध्ये पक्की व्हायची होती, आणि कॅमेरा बरोबर आहे असं त्यांनी सगळ्यांसमोर छातीठोक सांगितलं होतं. त्यांच्यात ज्येष्ठाला 'तुमचं चुकलं' असं तोंडावर म्हणत नाहीत. तशी वाक्यं त्यांच्या जिभेवर तयारच नसतात. माझ्या चाकाला जशी कडी नाही, तशी.

बऱ्याच वेळाने तिने दार उघडून हाक मारली. "तोकुनागा-सान, जरा एक अक्षर वाचून द्याल का? माझे डोळे थकलेत."

ते हात पुसत आले. "कुठे? हे? हे अक्षरच नाही. साए लिहिते तसलं काहीतरी..." आणि ते थबकले.

"'का' आहे तो," कायानो हळूच म्हणाली. "मी आत्ता काढला."

तोकुनागा-सानांनी ती 'सा' काच घेतली, भिंग लावलं, आणि बराच वेळ वाकून पाहत राहिले. डोक्यावरचा टॉवेल त्यांनी काढून हातात घेतला.

"चियो-सान," ते म्हणाले. "निवृत्त झाल्या त्या बाई. प्रत्येक वस्तूवर आपल्या नावातला 'ची' घालायच्या. काचांवर, कात्रीवर, चहाच्या कपावरसुद्धा. त्या कपातून मी कैकदा चहा प्यायलोय." काच खाली ठेवत ते म्हणाले, "तू गुपचूप कळ दाबू शकली असतीस."

"हो."

"मग का नाही दाबलीस?"

"पडद्यावर सुलट झाली असती. पण तुमच्या-माझ्यात ती कायम उलटीच फिरत राहिली असती."

ते हसल्यासारखे झाले, पण डोळे हसत नव्हते. "सेन्सेईंना मी सांगतो. तू इथेच थांब, तुझ्या मोटरीजवळ."

दोघं येईपर्यंत कायानोने मला परत भिंगाखाली आणलं. मी मंद झाले होते, पण फिरत होते. आयुष्यात मी इतका जोर कधी लावला नव्हता. मजूर एकेक करून गळत होते, उरलेल्यांना मी म्हणत होते, एवढा वेळ धरा.

मुराकोशी-सेन्सेईंनी आधी कोपऱ्यातलं अक्षर पाहिलं, मग 'सा' काच पाहिली, जी 'सा' नव्हती. तोकुनागा-सान मान खाली घालून उभे होते. मुराकोशी-सेन्सेई म्हणाले, "इसोबे-कुन, दोन वर्षं मी कोणावर संशय घेतला?"

"माझ्यावर, सेन्सेई."

"आणि या बिचारीवर," ते पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले. "आरसा मात्र मोकळा सुटला. ती काच मीही रोज पाहत होतो. तोकुनागा-कुन, मान वर करा. इसोबे-कुन, दाब ती कळ."

कायानोने कळ दाबली.

मी काहीच केलं नाही, मित्रांनो. चाक तेच, मजूर तेच, काच तीच. काल दुपारपासून फिरत होते तशीच फिरत होते. पण पडद्यावर माझं घर डावीकडे फिरू लागलं, आणि त्या खोलीत मी पहिल्यांदाच बरोबर ठरले. कायानोने तोंडावर हात ठेवला. ती रडते आहे हे लपवायला खोलीत पुरेसा अंधार होता.

मुराकोशी-सेन्सेई स्वतः शीतपेटीपाशी गेले आणि आमच्या नळ्यांवरची लाल पट्टी त्यांनी नखाने खरवडून काढली. माझ्या बहिणी, भाच्या, नाती गारठ्यात का होईना, जिवंत राहतील. माझं काय? काचेला चिकटलेल्याला परत सोडवता येत नाही. काम झालं की ही काच औषधाच्या भांड्यात बुडवतात. तशी रीतच आहे, मी कुरकुर करत नाही. एकदा तरी परत सरळ पोहावं असं वाटतं, ते वाटतंच.

माझं एकच मागणं आहे. एखादी वस्तू, एखादं जनावर, एखादं माणूस उलटं चाललंय असं वाटलं, तर त्याला लाल पट्टी लावायच्या आधी आपण कोणत्या काचेतून पाहतो आहोत तेवढं बघा. ज्याला तोंड नाही, ते आपल्या फिरण्यातूनच बोलत असतं. ते नीट ऐका. एवढी काळजी घेतलीत तरी पुष्कळ झालं.

आता सगळे आपापल्या फडक्याकडे परत गेले आहेत. कायानोला हवं ते चित्रण मिळालं, दिवा बंद करून ती उठू शकते. काच भांड्यात टाकून घरी जाऊ शकते. बाहेर तोकुनागा-सान विचारत आहेत, "इसोबे, झालं ना? चल, गरम काहीतरी खाऊ."

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. "ही अजून फिरतेय."

माझे फेरे आता मोजण्याइतके सावकाश झाले आहेत. कायानोने पिशवीतला भाताचा गोळा काढून हातात धरला आहे, पण इथे खायची मनाई आहे म्हणून नुसता धरून बसली आहे. 'दमलीस, खूप कष्ट केलेस,' असं काम संपल्यावर त्यांच्यात एकमेकांना म्हणतात. ते ती मला म्हणाली. तरी ती उठली नाही. मी थांबेपर्यंत ती बसणार आहे.